प्लॅस्टिकचं तेल आणि दसऱ्याचं दुसरं पान

हे तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही. बोरी बुद्रुकच्या एसटी थांब्यावर, भिमाजीच्या चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसून मी ही गोष्ट शंभरदा तरी सांगितली असेल, आणि शंभरदा ऐकणारे मान हलवत उठून गेले. तरी सांगतो. आमच्या गावातल्या एका माणसाने फाटक्या चपला, दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणि टायरचे तुकडे शिजवून त्यांचं तेल काढलं, आणि त्या तेलावर अशी इंजनं चालली की कुकडी नदी उचलून माळावर नेऊन ठेवली. तीन दिवस नदी जागेवर नव्हती. मासे तिला शोधत बांधाबांधाने पायी फिरत होते.

परवाच्या बुधवारी हे सांगायला बसलो तेव्हा ऐकायला तिघं होते. एक भिमाजी, तो कुठं जातोय, टपरीच त्याची. दुसरा खतांच्या कंपनीचा एक पाव्हणा, पायात बूट, मांडीवर बॅग. आणि तिसरी केशरबाई. ज्याने ते तेल काढलं त्या धम्मपालची ही आई. घोडेगावला लेकीकडे निघाली होती आणि नारायणगावची गाडी अजून आली नव्हती.

मी म्हणालो, "वैनी, तुमच्याच लेकाची गोष्ट सांगतोय. काय कमीजास्त वाटलं तर बोला."

"सांगा की भाऊ," केशरबाई म्हणाली. "गाडीचा काय भरवसा न्हाई. बसून बसून पाय आखडण्यापरीस ऐकलेलं बरं."

तर पाव्हणं, आधी मी कोण ते ऐका. मी हौशीराम, इंजन-मिस्त्री. विहिरीवर, नदीवर डिझेलची इंजनं असतात ना, पाणी उपसायची, ती दुरुस्त करणारा. माझ्या आधी माझा चुलता करायचा. चुलत्याचा हात चांगला होता, पण त्याला इंजन उघडावं लागायचं. मला नाही. मी नुसता कान लावला की कळायचं, नोझल चोंदलीय की रिंगा जाम झाल्यात की मालकाचं बायकोशी भांडण झालंय. एकदा तर आहुप्याला, पार त्या देवराईपाशी, एक इंजन बंद पडलं होतं. मी ते बोरीतून खोकून चालू केलं.

"खोकून?" पाव्हण्याने विचारलं.

"तुमी चहा घ्या, पाव्हणं," भिमाजी म्हणाला.

आता रीत ऐका. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आपट्याचं पहिलं पान देवाला. दुसरं पान घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यावं, ही साऱ्या जगाची रीत. पण आमच्याकडे ज्याचं इंजन आहे तो दुसरं पान मिस्त्रीच्या दारात आणून देतो. माझ्या चुलत्यापासून हे चालत आलेलं. बाप लहानपणी पोसतो, इंजन जन्मभर पोसतं, आणि इंजनाचा प्राण मिस्त्रीच्या हातात. मजुरीचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पान मात्र लावून घ्यायचो. ज्याचं पान आलं नाही, त्याच्या इंजनाकडे वर्षभर पाठ करून बसायचो. चांगदेव तर एवढा मोठा बागाईतदार, दोन मजली घर, दारात ट्रॅक्टर, पण दसऱ्याला धोतर सावरत माझ्या अंगणात येऊन वाकायचा आणि म्हणायचा, सोनं घ्या, मिस्त्री. ते एक वाकणं मला वर्षभर पुरायचं.

मग दोन हजार चार-पाचात वीज जायला लागली. बारा-बारा तास. ज्यांनी विजेच्या मोटारी बसवून जुनी इंजनं कोंबड्यांना अंडी घालायला दिली होती, त्यांनी कोंबड्या हाकलल्या आणि माझ्याकडे धावत आले. त्या दसऱ्याला अंगणात पानांचा एवढा ढीग झाला की ठकूबाईने, म्हणजे आमच्या मंडळीने, तो छपरावर टाकला आणि छप्पर वाकलं. आमच्या शेळीने महिनाभर तीच पानं खाल्ली. पुढं तिला करडं झाली ती बें-बें करायचीच नाहीत. टुक-टुक करत चालायची. थंडीत त्यांना हँडल मारून उठवावं लागायचं.

अशा माझ्या राज्यात धम्मपाल आला.

भोसरीच्या कुठल्याशा कारखान्यात बॉयलरवर होता. कारखान्याला कुलूप लागलं आणि हा बायकोपोरं घेऊन घरी आला. पस्तिशीचा असेल. बोलायचा कमी. माणूस कमी बोलायला लागला की मला त्याचा संशय येतो. एवढं काय साठवून ठेवतोय पोटात? आल्यापासून हा एकच काम करायचा. सायकलला दोन पोती अडकवून रानोमाळ फिरायचा आणि कचरा गोळा करायचा. ठिबकच्या फाटक्या नळ्या, टोमॅटोचे फुटके क्रेट, वाफ्यावर अंथरायचा मल्चिंगचा कागद, खतांच्या पिशव्या, पंक्चर काढून काढून गेलेल्या ट्यूबा. लोक म्हणाले, धम्मपाल भंगारवाला झाला. मीच म्हणालो आधी. मग लोक म्हणाले.

महिन्याभराने त्यांच्या घरामागं एक ड्रम उभा राहिला. दोनशे लिटरचा, लोखंडी, झाकण नटबोल्टने गच्च आवळलेलं. खाली भट्टी. वरून एक नळी निघालेली, ती पाण्याच्या हौदातून पलीकडं गेलेली, आणि तिच्या तोंडाशी कॅन. मी कुंपणाबाहेरून पाहिलं. आत जायला मला कुणी बोलावलं नव्हतं.

"कुणी बोलवाय पायजे व्हतं?" केशरबाई म्हणाली. "फाटक उघडंच व्हतं. बाभळीआडून बघत व्हता तुमी. मला दिसत व्हतं."

बघत होतो. म्हणूनच सांगतो कसं ते. ड्रममध्ये प्लॅस्टिक आणि रबराचे तुकडे भरायचे, हवा कुठूनच आत जाऊ द्यायची नाही, आणि खालून जाळ करायचा. हवा नाही म्हणून आतलं जळत नाही, नुसतं वितळतं, उकळतं. त्याची वाफ नळीतून जाते, हौदाच्या पाण्यात गार होते आणि पलीकडं थेंब थेंब तेल पडतं. जी वाफ गार होऊनही तेल होत नाही ती दुसऱ्या नळीने परत भट्टीखाली आणून पेटवायची. म्हणजे ड्रम आपल्याच ढेकरांवर शिजतो. हे मी सगळं बघितलं. ते चुकीचं दिसलं असतं तर मला आनंदच झाला असता. पण ते बरोबर दिसत होतं. चाळीस वर्षं मी इंजनं उघडली, डिझेल हातावर घेतलं, वासावरून कोणत्या पंपाचं ते सांगितलं. पण डिझेल येतं कुठून हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आणि ह्याच्या आला.

पहिलं तेल निघालं त्या दिवशी सारा गाव नदीवर जमला. चांगदेवच्या इंजनात घालून बघायचं ठरलं होतं. आता चांगदेवचं इंजन म्हणजे एक लहरी जनावर. साऱ्या गावाला ठाऊक होतं, ते फक्त माझ्या हाताला चालू होतं. मी मुद्दाम पुढं जाऊन दगडावर बसलो, विडी पेटवली.

धम्मपाल कॅन घेऊन आला. तेल पिवळसर-काळं, वास असा की माझ्या विडीने मान टाकली.

मी म्हणालो, "धम्मा, चपलांचं तेल हाय न्हवं? मंग इंजन चालंल. चालत घरी जाईल."

लोक हसले. धम्मपालही हसला, ते मला आवडलं नाही. त्याने टाकीत तेल ओतलं, नोझलपर्यंत सोडलं आणि हँडलला हात घातला.

चांगदेव म्हणाला, "मिस्त्रीला मारू दे हँडल. तुला न्हाई जमायचं त्ये."

मी उठलो नाही. म्हटलं, "मारू दे त्याला. दोन फिरक्यांत खांदा उतरंल, मंग मी हायेच."

एक फिरकी. इंजन शिंकलं. दुसरी फिरकी. आणि पाव्हणं, ते सुरू झालं. नुसतं सुरू नाही झालं. नळीतून पाण्याची अशी धार सुटली की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईचं लुगडं उडालं ते आळेफाट्याला जाऊन वाळत पडलं. आणि आवाज. चाळीस वर्षं माझ्या हाताखाली टुक-टुक म्हणणारं ते इंजन त्या दिवशी काय म्हणायला लागलं असेल? धम्म-धम्म, धम्म-धम्म. देवाशपथ सांगतो. मी जवळ जाऊन त्याच्या कानात सांगितलं, अरे मेल्या, नाव कुणाचं घेतोस? तर धूर माझ्या तोंडावर सोडला.

"आणि मग?" पाव्हण्याने विचारलं.

मग काय. गावात प्लॅस्टिकचा तुकडा उरला नाही. जो तो कचरा वेचून धम्मपालकडे न्यायचा आणि कॅन भरून आणायचा. देवळाबाहेर काढलेल्या चपला पाच मिनिटांत तेल होऊन परत यायच्या. बाया पाण्याच्या बादल्या पदराखाली घेऊन हिंडायच्या. मुक्कामाच्या एसटीचा कंडक्टर स्टेपनीला मिठी मारून झोपायचा. वास तर असा पसरला की आहुप्याच्या देवराईतली वानरं शिंकायला लागली, आणि घोडेगावहून जाणारी एसटी त्या शिंकांनी दोनदा माघारी ढकलली गेली. भटकी कुत्री रबर शोधायची. कुकडी उचलून माळावर नेली तीही ह्याच तेलाने, आणि तीन दिवस ती तिथंच होती. एका म्हशीने चुकून अर्धा कॅन प्यायला, तर तिचं दूध सायकलच्या दिव्यात घालून लोकांनी रात्रपाळीचं पाणी धरलं.

"ती म्हस माझ्या मेव्हण्याची व्हती," भिमाजीने गिऱ्हाइकाच्या हातात पेला देत सांगितलं. "त्याला आजून ठावं न्हाई."

माझी अवस्था काय झाली ते मात्र कुणी विचारलं नाही. दिवसभर मी ओट्यावर बसायचो. रस्त्याने लोक जायचे, कॅन घेऊन, हसत. कुणी म्हणायचं, "मिस्त्री, येता का तिकडं? काय डोकं हाय पोराचं." ज्या वस्तीकडं ह्या लोकांच्या बापजाद्यांनी कामाशिवाय कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथं हे आता ओळीने उभे राहायचे, केशरबाईंच्या हातचा चहा प्यायचे. वाईट काय त्यात, काहीच वाईट नाही. झालं ते बरंच झालं. पण ते माझ्या दारावरून जायचे, त्याचं काय?

ठकूबाईला सगळं कळायचं. ती म्हणायची, "जेवा की. आन्न पोटात जाईना, मग आत काय शिजतंय? धम्मपालचा ड्रम गिळलाय का?"

मी म्हणायचो, "मला काय करायचंय धम्मपालचं?"

"झोपेत त्याचं नाव घेता. चाळीस वर्सांत माझं कधी घेतलं न्हाई."

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी अंगण शेणाने सारवून घेतलं, नवी टोपी घातली आणि दिवस मावळायच्या आधीपासून खुर्ची टाकून बसलो. तीन पानं आली. तीन, पाव्हणं. त्यांतलं एक माझ्या साडूने आणलं, त्याच्याकडं इंजन नव्हतंच. चांगदेव आला नाही. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, मला दिसला, मीही त्याला दिसलो, आणि तो मान खाली घालून वस्तीकडं वळला. ते पान न्यायला लागत नाही तिथं, हे त्यालाही ठाऊक असेल. पण तो गेला. नुसता भेटायला गेला. त्याने मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं, हा ड्रम बंद पाडायचा.

आता खरं सांगतो, लपवत नाही. ठिबकच्या काळ्या नळ्यांचं तेल होतं, पण ते करडे पाईप असतात ना, पीव्हीसीचे, ते ड्रममध्ये गेले तर तेल होत नाही. तेजाब होतं. त्याची वाफ नळीला भोकं पाडते आणि माणसाच्या छातीत जाते. हे मला एका पाईपवाल्याने आळेफाट्याला सांगितलं होतं. मी दोन दिवस बसून करड्या पाईपचे तुकडे केले, बारीक, बोटाएवढे. चुलीच्या धुरात धरून काळे केले. पोत्यात वर-खाली ठिबकच्या नळ्या घातल्या, मधे हे. आणि भर दुपारी, वस्ती जेवायला बसलेली असताना, पोतं धम्मपालच्या अंगणात इतर पोत्यांत ठेवून आलो.

"काय माणूस आहात तुम्ही," पाव्हणा म्हणाला. "कुणाचा जीव गेला असता."

गेला असता. तेही डोक्यात आलं होतं. घरी येऊन बसलो. उठावं, जाऊन पोतं परत आणावं असं दहादा वाटलं. आणि दहादा चांगदेवची खाली घातलेली मान आठवली आणि बसून राहिलो. माणसाच्या पोटात हे असलं काही पेटलं ना पाव्हणं, की त्याला हवा लागत नाही. बिनहवेचं शिजतं.

संध्याकाळ झाली. ओरडा नाही, धावपळ नाही. दुसऱ्या दिवशी तेल निघालं, नेहमीसारखं. मी बाभळीआड गेलो. बघतो तर धम्मपाल हौदाशी उभा. प्रत्येक पोतं आधी पाण्यात रिकामं करत होता. ठिबकची नळी तरंगते, पिशवी तरंगते, क्रेटचा तुकडा तरंगतो. तरंगेल ते ड्रममध्ये. पीव्हीसी बुडतं. बुडेल ते बाहेर. रबराची पोती वेगळी, ती त्याने हाताने निवडलेली. एवढीशी युक्ती. माझं दोन दिवसांचं काम हौदाच्या तळाशी पडलं होतं. धुवून निघालेलं, करडं.

"बारकं तुकडं व्हतं म्हणून कामाला आलं," केशरबाई म्हणाली. "मी कोंबड्यांच्या खुराड्यात तळाला अंथरलं त्ये. धम्मपाल म्हणाला, आये, हे कापलेलं बघ, एकसारखं. गावात आसं कापणारा एकच हात हाय."

हे मला नवीन होतं. मी चहाचा घोट घेतला.

"म्हंजे त्याला ठावं व्हतं?"

"मंग? पर बोलला न्हाई कुणाला. तुमी फुडं सांगा."

पुढं थंडी पडली. पौषातली. तुम्हाला ठाऊक नसेल पाव्हणं, कुकडीकाठची थंडी म्हणजे सकाळी बोललेले शब्द दुपारी ऊन लागल्यावर ऐकू येतात. आणि त्या थंडीत धम्मपालचं तेल गोठलं. डालड्यासारखं. कॅन उलटा केला तरी पडेना. लोकांनी काय केलं, कॅन चुलीजवळ ठेवून तेल वितळवलं आणि ओतलं टाकीत. आत जाऊन नळीत ते पुन्हा गोठलं. नोझल चोंदली, अर्धवट जळलेली काजळी रिंगांत बसली. पंधरवड्यात गावातली बारा इंजनं बंद. कांदा ऐन भरात, आणि पाणी बंद.

आले माझ्याकडे. सगळे आले. सर्वांत पुढं चांगदेव.

"मिस्त्री, इंजन बघा. त्याच्या तेलानं वाट लावली."

मी विडी विझवली, हत्यारांची पिशवी घेतली आणि सावकाश चालत गेलो. त्या दिवशी गावातून मी जसा चाललो तसा नवरदेवही चालत नाही. चांगदेवचं इंजन उघडलं. नोझल हातात घेतली, तेलाचं बोट चोळून पाहिलं, वास घेतला. आणि मला कळलं. तेल वाईट नव्हतं. तेल चांगलं होतं, फक्त त्याला ऊब हवी होती. टाकीला दोन डबे करायचे. एकात डिझेल, एकात हे तेल. सुरू करायचं ते डिझेलवर. इंजन तापलं की चावी फिरवून ह्या तेलावर न्यायचं, आणि तेलाची नळी धुराड्याच्या गरम पाईपला गुंडाळून आणायची. बंद करायच्या आधी पुन्हा पाच मिनिटं डिझेल, म्हणजे आतलं सगळं धुऊन निघतं. बस. एक चावी आणि हातभर तांब्याची नळी. धम्मपालला बॉयलर ठाऊक होता, इंजनाचं पोट ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. अख्ख्या तालुक्यात मलाच.

चांगदेवने विचारलं, "काय झालंय?"

मी म्हणालो, "तेलच खराब. टायरचं तेल कधी चालतं का? मी सांगत व्हतो."

बाराच्या बारा इंजनवाल्यांना तेच सांगितलं. नोझली साफ केल्या, रिंगा सोडवल्या, डिझेलवर चालू करून दिली. टुक-टुक, टुक-टुक. धम्मपालच्या अंगणातली पोती तशीच राहिली. भट्टीत कोंबड्या बसायला लागल्या. त्याने एकदाही येऊन विचारलं नाही की मिस्त्री, नेमकं काय होतंय. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान मला तसं वाटायचं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. तो सकाळी सायकल काढून नारायणगावला कुणाच्या तरी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला जायचा, माझ्या ओट्यासमोरून. रोज म्हणायचा, "काय मिस्त्री, बरं हाय का?" रोज. मला ते दगड मारल्यासारखं लागायचं.

आणि दसरा आला.

त्या वर्षी सगळी पानं परत आली, पाव्हणं. अंगण भरलं. चांगदेव वाकला. मी हात वर करून सोनं घेतलं. आणि तो उठताना काय म्हणाला? "डिझेलनं पार कंबरडं मोडलं बघा मिस्त्री. धम्मपालचं तेल व्हतं तवा बरं व्हतं." दुसरा आला, पान दिलं, म्हणाला, "भट्टी बंद पडली त्ये वंगाळ झालं." तिसरा म्हणाला, "डोकं लई व्हतं राव पोराचं." पान माझ्या हातात आणि त्यांच्या तोंडात नाव त्याचं. माझ्या अंगणात, माझ्या दसऱ्याला. ठकूबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. ढीग वाढत चालला आणि मी त्याच्यामागं लहान लहान होत चाललो. शेवटी नुसती टोपी दिसत असेल.

दिवस मावळला. लोक पांगायला लागले होते. आणि फाटकातून कोण आत यावं? धम्मपाल. हातात आपट्याची डहाळी. चार लोकांदेखत सरळ माझ्यापुढं आला, वाकला, पान माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, मिस्त्री, चुकलं माझं. तेल मला काढता येतं, पण इंजन तुमचं आहे. तुमच्याशिवाय माझं तेल चालायचं नाही. वाट दाखवा. मी त्याला खांद्याला धरून उठवलं. म्हटलं, येड्या, एवढंच ना, हे आधी विचारायचंस. दोन डबे कर. आणि सगळं समजावून सांगितलं. त्या दिवसापासून आजपर्यंत गावातल्या इंजनाला दोन डबे आहेत ते तुम्ही नदीवर जाऊन बघा. भट्टी चालू आहे. आणि अजून दर दसऱ्याला माझं दुसरं पान चुकत नाही.

पाव्हण्याने मान डोलावली. सगळ्या गोष्टीत त्याला एवढंच पटलेलं दिसलं. "हे बरं केलं त्याने," तो म्हणाला. "वाकला म्हणून काम झालं. मोठ्या माणसाचा मान ठेवायला पाहिजे."

केशरबाई उठून उभी राहिली. मला वाटलं गाडी दिसली. रस्ता मोकळाच होता.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी नदी उचललीत, मी गप बसले. म्हशीचं दूध दिव्यात घातलंत, गप बसले. पोरांना ऐकाया बरं वाटतं. पर ह्ये खोटं हाय."

"कशावरनं खोटं?"

"दसऱ्याला आमच्यात आपट्याला हात कोण लावतं? माझ्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तवापासनं आमच्या घरात सोनं कुणी लुटलं न्हाई, वाटलं न्हाई. त्या दिशी आमी समदी पांढरी कापडं घालून विहारात आसतो. त्या साली बी व्हतो. धम्मपाल तर पंचशील म्हणायला फुडं उभा व्हता."

भिमाजीने स्टोव्हची हवा सोडली.

"वंदना उरकून आमी घरी आलो," केशरबाई पाव्हण्याकडं न बघता माझ्याकडंच बघत म्हणाली, "तर तुमी आमच्या दारात उभं. नवी टोपी, हातात डहाळी. कवाधरनं उभं व्हता कुणाला ठावं, पायाला मुंग्या आल्या व्हत्या तुमच्या. धम्मपाल म्हणाला, बसा मिस्त्री. तुमी बसंनात. आमी पान घेत न्हाई ह्ये ठावं, आन् दिल्याबिगर जायचं न्हाई, त्ये पान नुसतं या हातातनं त्या हातात. शेवटाला माझ्या मुठीत कोंबलंत आन् म्हणालात, वैनी, तुमच्यात रीत नसू द्या, पर माघारी न्यायला लावू नका. मंग त्या पोराला दोन डब्यांचं सांगितलंत. कुणी इचारलं नव्हतं तुमास्नी. भुईवर काडीनं रेघा मारून सांगितलंत, चावी कुठं, नळी कुठं. त्यो आला न्हाई, भाऊ. तुमी आला व्हता."